मादाम क्युरी आणि कचऱ्याची पोती

रेडियम म्हटलं की आपल्याला आठवतं ते रस्त्याच्या कडेचं रेडियमचं दुकान! बाइकच्या नंबरप्लेटपासून ट्रकच्या मागच्या आई-वडिलांच्या आशीर्वादापर्यंत सगळं तिथे कापून मिळतं. गंमत म्हणजे त्या स्टिकरमध्ये रेडियमचा एक कणही नसतो. तो फक्त उजेड परत फेकणारा कागद. एकेकाळी अंधारात चमकणाऱ्या घड्याळांच्या काट्यांना खरोखरचं रेडियम लावत असत, ते केव्हाच बंद झालं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

खरं रेडियम जिने शोधलं तिची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत वाचली आहे. मादाम क्युरी. दोन नोबेल, गळकी शेड, मोठी कढई आणि ती ढवळणारी एक सडसडीत बाई. पण त्या कढईत नेमकं काय शिजत होतं, हे धड्यात एका ओळीत उरकलेलं असतं. मित्रांनो, त्या कढईत होता एका कारखान्याने जंगलात फेकून दिलेला कचरा! मी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि माझा प्रोजेक्ट आहे टाकाऊ ढिगाऱ्यांच्या मातीतल्या नैसर्गिक किरणोत्सर्गावर. त्यामुळे मेरीच्या चरित्रात मला सगळ्यात जास्त रस आहे तो या कचऱ्यात. तो कुठून आला, त्याने तिला काय दिलं, तिच्याकडून काय घेतलं आणि त्याचं पुढे काय झालं... हे सांगण्यासाठी हा लेख.

मेरीचा जन्म 7 नोव्हेंबर 1867 चा, वॉर्साचा. माहेरचं नाव मारिया स्क्लोडोव्स्का. पोलंडचा तो भाग तेव्हा रशियाच्या ताब्यात होता. वडील गणित आणि भौतिकशास्त्राचे शिक्षक. घरात पुस्तकं भरपूर, पैसा बेताचाच. मेरी दहा वर्षांची असताना आई क्षयाने गेली. शाळेत पोरगी कायम पहिली, पण वॉर्साच्या विद्यापीठात मुलींना प्रवेशच नव्हता. मग दोघी बहिणींनी आपसात एक करार केला. थोरल्या ब्रोन्याने पॅरिसला जाऊन डॉक्टरकी शिकायची आणि मेरीने दुसऱ्यांच्या घरी राहून त्यांची मुलं शिकवायची, त्या पगारातून ब्रोन्याला पैसे पाठवायचे. नंतर ब्रोन्याने मेरीला बोलावून घ्यायचं. हा करार दोघींनी पाळला. मेरीची उमेदीची काही वर्षं त्यात गेली आणि 1891 मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ती पॅरिसला पोचली.

हॉस्टेलवाल्यांना तिचे पुढचे दिवस लगेच पटतील. माळ्यावरची खोली, थंडीत कोळशाची काटकसर, जेवणाची आबाळ. आपल्या मेसला आपण कितीही नावं ठेवली तरी ती दोन वेळा उघडते! अशा हालात 1893 ला भौतिकशास्त्राच्या पदवीत ती पहिली आली आणि 1894 ला गणितात दुसरी. पुढच्याच वर्षी पिएर क्युरी या प्राध्यापकाशी लग्न झालं. लग्नाच्या आहेराच्या पैशातून दोघांनी सायकली घेतल्या आणि त्याच सायकलींवरून हनिमूनला गेले.

याच सुमारास रंटजेनने क्ष-किरण शोधले होते (1895), तर बेकेरेलला युरेनियमच्या क्षारांतून आपोआप काही किरण निघतात असं आढळलं होतं (1896). मेरीला पीएच.डी.साठी विषय हवा होता. तिने बेकेरेलचे किरण निवडले. पिएर आणि त्याच्या भावाने बनवलेलं एक अतिशय नाजूक उपकरण घरातच उपलब्ध होतं. किरणांमुळे हवेतून जो सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहतो तो त्याने मोजता येत असे. मेरीने हाती लागेल ते खनिज त्या उपकरणाखाली ठेवून मोजायला सुरुवात केली.

आणि इथेच गाडी अडली. पिचब्लेंड हे युरेनियमचं खनिज. म्हणजे त्यात शुद्ध युरेनियमपेक्षा कमी युरेनियम असणार, तर मग किरणही कमीच यायला हवेत. प्रत्यक्षात आकडा तिप्पट-चौपट येत होता. मेरीने पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. मग तिने साधा तर्क केला. जो जादा किरणोत्सर्ग आहे तो युरेनियमचा नाही, तेव्हा खनिजात दुसरंच काहीतरी आहे, अगदी थोडं पण अतिशय जोरदार. जुलै 1898 मध्ये तिने आणि पिएरने एक मूलद्रव्य जाहीर केलं आणि त्याला तिच्या पारतंत्र्यातल्या मायदेशाचं नाव दिलं : पोलोनियम. डिसेंबरमध्ये दुसरं जाहीर झालं, रेडियम. या सगळ्या प्रकाराला लागू झालेला रेडिओअ‍ॅक्टिव्हिटी हा शब्दही तिचाच.

रसायनशास्त्रज्ञ मात्र असे ऐकणार नव्हते. मूलद्रव्य आहे म्हणता तर बाटलीत घालून दाखवा, त्याचा अणुभार सांगा. त्यासाठी पिचब्लेंड टनावारी पाहिजे आणि ते तर महाग! पिचब्लेंडची नावाजलेली खाण होती बोहेमियातल्या योआखिमस्टाल इथे, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या याखिमोवमध्ये. हे मुळात चांदीच्या खाणीचं गाव. तिथल्या चांदीच्या नाण्याला थालर म्हणत आणि त्यावरूनच पुढे डॉलर हा शब्द आला. चांदी कमी होत गेली, तसा तिथल्या काळ्या पिचब्लेंडमधून युरेनियम काढून काचेला आणि चिनी मातीला रंग देण्याचा धंदा सुरू झाला. युरेनियम काढून घेतलं की उरलेला तपकिरी चोथा शेजारच्या पाइनच्या जंगलात नेऊन ओतायचा. कुणाच्याच उपयोगाचा नाही तो.

मेरीचं डोकं इथे चाललं. आपल्याला युरेनियम नकोच आहे, मग युरेनियम काढून घेतलेला चोथा का चालू नये? व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीतल्या लोकांनी शब्द टाकला, ऑस्ट्रियाच्या सरकारने एक टन चोथा फुकट दिला आणि क्युरींनी वाहतुकीचा खर्च भरला. पॅरिसमध्ये गाडीतून पोती उतरली तेव्हा त्या मातीत पाइनच्या वाळक्या काड्या तशाच मिसळलेल्या होत्या!

आता दोन मिनिटं आपण इंजिनीअर होऊ या, कारण माझ्या मते या गोष्टीचा सगळा अर्थ इथे आहे. युरेनियम-238 चं अर्धायुष्य सुमारे 4.5 अब्ज वर्षं. ते तुटत तुटत शेवटी शिसं होतं, पण मध्ये तेराएक टप्पे लागतात. त्यातला एक थोरियम-230, अर्धायुष्य सुमारे 75,000 वर्षं. पुढचा रेडियम-226, 1600 वर्षं. त्याच्या पुढचा रेडॉन-222 हा वायू, फक्त 3.8 दिवस. जुन्या खनिजात या सगळ्यांचा समतोल झालेला असतो, म्हणजे प्रत्येक टप्प्याचे दर सेकंदाला जवळपास सारखेच अणू तुटतात. हे समीकरण मांडलं तर 1 टन युरेनियममागे रेडियम निघतं साधारण एक तृतीयांश ग्रॅम, बस्स! कारखाना सल्फ्युरिक अ‍ॅसिड वापरून युरेनियम विरघळवून काढतो तेव्हा साखळीतले पहिले काही टप्पेच हलतात. रेडियमचं सल्फेट पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, ते चोथ्यात राहतं. थोरियमही बरंचसं तिथेच राहतं. म्हणजे माल गेला, पण मूळ खनिजातला सुमारे 85 टक्के किरणोत्सर्ग ढिगाऱ्यातच राहिला. ज्याला सगळे कचरा म्हणत होते त्यात खनिजाची बहुतेक ताकद शिल्लक होती. हे ओळखून त्या कचऱ्याला हात घालणारी पहिली माणसं म्हणजे मेरी आणि पिएर.

शेड होती पिएरच्या कॉलेजच्या आवारात, एके काळी प्रेतांची चिरफाड करायची जागा. काचेचं छप्पर पावसात गळायचं, उन्हाळ्यात भट्टी व्हायची. धूर बाहेर काढणारी चिमणी नाही, म्हणून जमेल तेव्हा काम अंगणात. मेरी एका वेळी वीस-वीस किलो माल घेऊन उकळायची आणि जवळजवळ तिच्या उंचीएवढ्या लोखंडी दांड्याने तासन्‌तास ढवळायची. रेडियमचा स्वभाव बेरियमसारखा, दोघं सुटता सुटत नाहीत. फरक इतकाच की रेडियमचं क्लोराइड बेरियमच्या क्लोराइडपेक्षा थोडं कमी विरघळतं, म्हणून त्याचे स्फटिक आधी पडतात. ते उचलायचे, पुन्हा विरघळवायचे, पुन्हा थंड करायचे... असं शेकडो वेळा! एका टनाने भागलं नाही, आणखी टन मागवले. नंतर सुरुवातीची ढोबळ प्रक्रिया एका रसायन कारखान्यात होऊ लागली, पण शेवटची बारीक कामं मेरीच्याच हातची. 1902 मध्ये तिच्याकडे रेडियम क्लोराइड जमलं एक दशांश ग्रॅम. अणुभार तिने काढला 225, आज आपण 226 मानतो. गळक्या शेडमधल्या कामाला हा आकडा म्हणजे डिस्टिंक्शन!

यश मिळालं. 1903 मध्ये डॉक्टरेट आणि त्याच वर्षी पिएर व बेकेरेलसह भौतिकशास्त्राचं नोबेल. रेडियम काढण्याच्या पद्धतीचं पेटंट क्युरींनी घेतलं नाही. कुणीही काढावं, वापरावं असं दोघांचंही मत होतं.

पण शरीर वेगळा हिशेब मांडत होतं. दोघांच्या बोटांची टोकं कडक झाली, सोलून निघाली. पिएरने मुद्दाम दंडाला रेडियमयुक्त पदार्थ बांधून पाहिला तर जखम झाली आणि ती भरायला कित्येक आठवडे लागले. बेकेरेलने खिशात छोटी नळी ठेवली, त्यालाही भाजलं. यातूनच कर्करोगावर रेडियमचा उपचार जन्माला आला हे खरं, पण जे पेशी मारतं ते निरोगी पेशीही मारणार, हा विचार मागे पडला. रात्री शेडमध्ये जाऊन निळसर चमकणाऱ्या नळ्या बघत बसणं हा दोघांचा आवडता विरंगुळा होता. 1903 च्या उन्हाळ्यात मेरीचा गर्भपात झाला, तर पिएरला पायाच्या दुखण्याने रात्र रात्र झोप नसे. नोबेलच्या समारंभालाही दोघं जाऊ शकले नाहीत.

19 एप्रिल 1906 ला पावसाळी दिवशी रस्ता ओलांडताना पिएर घोडागाडीखाली सापडला आणि जागीच गेला. पदरात दोन मुली, धाकटी तर दीड वर्षाचीही नव्हती. सोरबोनने पिएरचे वर्ग मेरीकडे दिले. नोव्हेंबरमध्ये ती पहिल्या तासाला उभी राहिली आणि पिएरचा विषय जिथे थांबला होता तिथूनच पुढे शिकवू लागली. श्रद्धांजलीचं भाषण नाही, काही नाही. सोरबोनला शिकवणारी ती पहिली स्त्री. 1911 मध्ये फ्रेंच अकादमीने तिला थोडक्या मतांनी नाकारलं, वर्तमानपत्रांनी खासगी आयुष्यावरून चिखलफेक केली आणि त्याच वर्षी तिला दुसरं नोबेल मिळालं, या वेळी रसायनशास्त्राचं आणि एकटीला. पहिल्या महायुद्धात तिने मोटारींवर क्ष-किरण यंत्रं बसवली, थोरली मुलगी इरेनला घेऊन थेट आघाडीजवळ गेली आणि जखमी सैनिकांच्या शरीरातल्या गोळ्या शोधून दिल्या.

1921 मध्ये अमेरिकेतल्या स्त्रियांनी वर्गणी काढून तिला एक ग्रॅम रेडियम भेट दिलं. किंमत एक लाख डॉलर! राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांच्या हस्ते ते दिलं गेलं. हे रेडियम कोलोरॅडो भागातल्या खनिजाचं होतं आणि ज्या कंपनीने ते काढलं तिचा कारखाना पेनसिल्व्हेनियातल्या कॅनन्सबर्ग गावात होता. एका ग्रॅममागे शेकडो टन खनिज. मग बाकीचं कुठे गेलं? बरंचसं तिथेच. पुढे त्याच जागेत युरेनियमचंही काम झालं. शेवटी 1980 च्या दशकात अमेरिकन सरकारला त्या आवारातली आणि आसपासच्या घरांभोवतीची दूषित माती गोळा करून जाड आच्छादनाखाली गाडावी लागली. कोलोरॅडोतल्या ग्रँड जंक्शनमध्ये तर युरेनियम कारखान्याची टाकाऊ वाळू लोकांनी फुकट मिळते म्हणून नेली आणि घरांच्या पायाखाली भरावाला वापरली. याखिमोवमध्येही खाणीचा टाकाऊ माल गिलाव्यात, बांधकामात गेला. त्या घरांमध्ये नंतर रेडॉन सापडला.

ढिगारा माणसाला अपाय करतो तो बहुतेक वेळा या मार्गाने. उघड्यावर रेडॉन वाऱ्याने विरून जातो. तीच माती जोत्याखाली आली की वायू फटींतून वर येतो, बंद खोलीत साठतो, त्याच्यापासून बनणारे घन कण धुळीला चिकटून श्वासातून फुफ्फुसात बसतात आणि तिथे अल्फा किरण सोडतात. याखिमोव आणि सीमेपलीकडच्या श्नीबर्गचे खाणकामगार शतकानुशतकं छातीच्या एका विचित्र दुखण्याने तरुणपणीच मरत. 1879 मध्ये दोन जर्मन डॉक्टरांनी दाखवून दिलं की हा फुफ्फुसातला कर्कविकार आहे. मेरीची पोती यायच्या वीस वर्षं आधीची ही गोष्ट! कारण मात्र कुणाला कळलं नव्हतं. आज जागतिक आरोग्य संघटना रेडॉनला धूम्रपानाखालोखाल फुफ्फुसाच्या कर्करोगाचं महत्त्वाचं कारण मानते. शिवाय रेडियम हे कॅल्शियमच्याच कुटुंबातलं. पाण्यातून, भाजीतून पोटात गेलं तर हाडात जाऊन बसतं. घड्याळांवर रेडियमचा रंग देताना ब्रशचं टोक ओठात धरणाऱ्या अमेरिकन मुलींचे जबडे 1920 च्या दशकात असेच सडले.

मेरी हे सगळं वाचत होती. 1925 च्या सुरुवातीला फ्रान्समध्ये किरणोत्सारी औषधं बनवणारे दोन इंजिनीअर काही दिवसांच्या अंतराने वारले. आपल्या प्रयोगशाळेत तिने चिमटे, शिशाचे पडदे, रक्ततपासणी हे नियम केले. स्वतःला मात्र ते फारसे लावून घेतले नाहीत. डोळ्यांत मोतीबिंदू झाले, कितीतरी शस्त्रक्रिया झाल्या, आणि हे बाहेर कळू नये म्हणून धडपड. ज्या गावच्या कचऱ्याने तिला घडवलं त्या याखिमोवला ती 1925 मध्ये जाऊनही आली. 4 जुलै 1934 ला फ्रान्समधल्या पासी इथल्या आरोग्यधामात ती गेली. अप्लास्टिक अ‍ॅनिमिया, म्हणजे अस्थिमज्जा रक्त बनवणंच थांबवते. 1995 मध्ये तिचे अवशेष पँथिऑनमध्ये हलवताना शवपेटी तपासली, तेव्हा आत रेडियमचं प्रमाण अपेक्षेपेक्षा बरंच कमी निघालं. त्यावरून फ्रेंच तज्ज्ञांनी असा कयास केला की तिच्या आजाराला रेडियमपेक्षा युद्धातल्या क्ष-किरणांचा हातभार जास्त असावा. तिच्या वह्या मात्र आजही शिशाच्या पेटीत ठेवाव्या लागतात.

आता माझं. आमचं गाव एका औष्णिक वीज केंद्राच्या राखेच्या तलावापासून हाकेच्या अंतरावर आहे. गावातल्या निम्म्या घरांच्या जोत्यात हीच राख भरली आहे, आमच्याही. मुरूम विकत घ्यावा लागतो, राख फुकट. कोळशातही युरेनियम, थोरियम अगदी अल्प असतात. आपल्या देशी कोळशात राख 35-40 टक्क्यांच्या आसपास. कोळसा जळून गेला की हे सगळं राखेत उरतं, म्हणजे अडीच-तीन पट दाट होतं. जगातल्या साध्या मातीत रेडियम-226 सरासरी 30-35 बेकेरेल प्रतिकिलो असतं. बांधकामाच्या मालासाठी रेडियम, थोरियम, पोटॅशियम मिळून 370 ही मर्यादा धरण्याचा प्रघात आहे. राख सहसा तिच्या आत बसते. युरेनियमच्या चोथ्याशी तिची तुलनाच नाही, त्यामुळे हे वाचून कुणी घराची फरशी उखडायला नको! पण सहसा म्हणजे नेहमी नव्हे. आमच्या जोत्यातली राख कुणीच कधी मोजलेली नाही, आणि आई दिवसातले पंधरा तास त्याच घरात असते. आमच्या ग्रुपने गावातले नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवले आहेत. रिपोर्ट यायचा आहे. तोपर्यंत मी घरी फोन करून एवढंच सांगितलंय की खिडक्या उघड्या ठेवा.

यात आपल्या शाखेसाठी काम आहे आणि ते अवघड नाही. रेडॉनचं अर्धायुष्य 3.8 दिवस. ओल्या चिकणमातीच्या जाड थरातून वर यायला त्याला इतका उशीर होतो की बराचसा वायू वाटेतच संपतो. म्हणून ढिगाऱ्यावर दाबून बसवलेल्या मातीचं आच्छादन, वर दगडांचा थर, पावसाच्या पाण्याला बाजूने वाट आणि भोवती कुंपण. अमेरिकेत अशा ढिगाऱ्यांच्या डिझाइनला शक्य तितकं 1000 वर्षांचं, आणि कमीत कमी 200 वर्षांचं आयुष्य मागतात. आपण पूल शंभर वर्षांसाठी बांधतो! आणि रेडियम तर 1600 वर्षांनीही निम्मं शिल्लक असणार आहे.

पोत्यांतली ती तपकिरी माती मेरीने पहिल्यांदा उपकरणाखाली ठेवली, आकडा वाचला आणि मग ठरवलं की हा कचरा आहे की नाही. उद्या आपल्यापैकी कुणीतरी साइट इंजिनीअर म्हणून भरावाच्या ट्रकच्या चलनावर सही करणार आहे. त्या वेळी ड्रायव्हरला एवढं जरूर विचारा, की बाबा रे, ही माती आणलीस कुठून? उत्तर खाण, राख किंवा कारखाना असं आलं, तर एक किलोचा नमुना पिशवीत भरून ठेवा आणि सही त्याचा रिपोर्ट आल्यावर करा.